समुद्राचे यंत्र, तेलगावचा कालवा

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटाच्या कोणत्याही माथ्यावर चढून पाहिले तरी दृष्टीला शेवटी लागते ती काळी जमीन आणि तिच्यावरची ज्वारी. त्यामुळे भरती-ओहोटीवर वीज निर्माण करणाऱ्या तरंगत्या यंत्रावर मी काम केले, असे सांगितले की समोरचा माणूस प्रथम माझ्या कपाळावरच्या भस्माकडे पाहतो, मग माझ्या वयाकडे, आणि हळूच विषय बदलतो. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी विषय बदलला नाही. "त्यावरच लिहा," असे ते म्हणाले, म्हणून लिहितो.

माझे घराणे परळीचे. वडिलांनी मला आधी पाठशाळेत घातले आणि मग, घरात एक तरी पगार यावा म्हणून, तंत्रशाळेत. पाठशाळेने संथा दिली, तंत्रशाळेने नोकरी दिली. परळीच्या वीजकेंद्रात नियंत्रणफलकासमोर माझी हयात गेली. सकाळी मंदिरात अभिषेकाची संततधार पाहायची आणि दिवसभर कोळशाचा पट्टा पाहायचा. या दोन न थांबणाऱ्या प्रवाहांमध्ये माझा दिवस मावत असे. केंद्रातले सहकारी मला 'शास्त्री' म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती, याचा शोध मी कधी घेतला नाही.

वाचकांपैकी अनेकांनी वीजकेंद्र आतून पाहिले नसेल, म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला लगाम असतो तो भाराचा. गावोगावचे दिवे, मोटारी, गिरण्या हा त्याच्या पाठीवरचा भार. भार वाढला की यंत्राला फिरणे जड जाते. भार एकाएकी उतरला की ते उधळते. बैलगाडी चढावर असताना जू तुटले तर बैल जसे पुढे धावतात, तसेच. परळीला अशा वेळी वाफेची झडप आपोआप मिटत असे, आणि यंत्राचा धावण्याचा आधारच जात असे. माझे काम या भाराकडे डोळा ठेवण्याचे. पुष्कळांना ते कंटाळवाणे वाटे. मला ते जपासारखे वाटले. मणी तोच, पण प्रत्येक वेळी तो बोटांखाली नव्याने येतो.

निवृत्तीच्या सुमारास देशाचे आर्थिक धोरण बदलले. वीज सरकारनेच करायची, हा आमच्या पिढीचा समज गळून पडू लागला. परळीच्या चहाच्या टपरीवरही 'प्रायव्हेट पावर' हे शब्द बशीतून फुर्रकन ओढले जाऊ लागले. त्या दिवसांत एक तरुण अभियंता माझा पत्ता विचारीत मंदिराच्या पायऱ्यांपाशी आला. मकरंदराव त्याचे नाव. मोठ्या कारखान्यातली नोकरी सोडून त्याने दोन मित्रांसह एक यंत्र घडवले होते. खाडीच्या पाण्यावर तराफा नांगरायचा, तराफ्याखाली पंखा सोडायचा, भरतीचे पाणी आत शिरताना आणि ओहोटीचे बाहेर पडताना पंखा फिरवील, आणि वर बसवलेला डायनामो वीज देईल. कोळसा नाही, धूर नाही, धरण नाही.

"मग माझ्याकडे कशासाठी आलात?" मी विचारले.

"शास्त्रीबुवा, खाडीच्या प्रवाहाला झडप नसते," तो म्हणाला. "वाफ बंद करता येते, समुद्र बंद करता येत नाही. माझ्या यंत्राला लगाम एकच, भाराचा. तो धरणारा माणूस मला हवा आहे."

या एका वाक्यावर मी त्याच्याबरोबर गेलो. 

समुद्राआधी मात्र आम्ही गेलो तेलगावला. खाडीचे पाणी दिवसभरात दिशा बदलते, वेग बदलते, उंची बदलते. नवे यंत्र एकदम तिथे नेऊन सोडणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला पुरात लोटणे. आधी एकाच मनाने, एकाच दिशेने वाहणारे पाणी हवे होते. ते आमच्याकडे धरणाच्या कालव्यात, आवर्तन म्हणजे शेतीच्या पाळीचे पाणी सुटले की, मिळते. तेलगावच्या शिवारात एका पुलाच्या अलीकडे कालवा अरुंद होतो आणि पाण्याला चांगली ओढ लागते. तिथे दोन्ही काठांवर लोखंडी खुंट ठोकून आम्ही तराफा मध्यभागी ताणून बांधला. काठावर बाभळींच्या रांगेला दिव्यांच्या माळा टांगल्या आणि शेजारी एक मोठे पिंप ठेवले. दिवे हा एक भार. पिंप हा दुसरा, आणि खरा. पिंपात मिठाचे पाणी, त्यात दोरीने टांगलेले लोखंडी पत्रे. पत्रे पाण्यात खोल सोडले, किंवा पाण्यात मीठ वाढवले, की त्यातून वीज अधिक वाहते, पाणी तापते, आणि त्या ओझ्याने यंत्र मंदावते. असे पिंप कोणीही करू शकतो. मी त्याच्याजवळ लाकडी पाटावर बसत असे. येणारे-जाणारे मला होमाला बसलेला भटजी समजत, आणि वाफ पाहून ती समजूत पक्की होई.

येणाऱ्यांचा तोटा नव्हता. पाण्यावर पिवळ्या रंगाची लोखंडी वस्तू तरंगते आहे आणि दिवसाउजेडी बाभळींना दिवे लागले आहेत, हे पाहून एसटीतून माणसे उतरत. युसूफ वडगावच्या बाजाराला निघालेले एक गृहस्थ तर तराफ्याच्या दोन्ही बाजूंनी काठाकाठाने वाकून वाकून फिरले.

"पाईप कुठं हाय?" त्यांनी मला विचारले.

"पाईप नाही."

"मंग पाणी कशानं काढायलाव?"

"पाणी काढत नाही. पाण्याचे चालणे घेतो, त्याची वीज करतो."

ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. "चालणं घेतल्यावर पाणी फुडं कसं जायलंय?"

"थोडे मंद होऊन जाते. खोटे कशाला सांगू?"

"आसं बोला की," ते म्हणाले. "म्हंजे जकातच हाय ही," आणि समाधानाने एसटीची वाट पाहू लागले. इतकी चोख व्याख्या मी पुढे कुठल्या व्याख्यानात ऐकली नाही.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. ती घडली म्हणायची तर केवळ माझ्या मनात. मकरंदरावांच्या पिशवीत त्या खाडीच्या भरती-ओहोटीचे तक्ते असत. एका दुपारी कुतूहलाने मी त्यांच्याशेजारी पंचांग उघडून ठेवले. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास तक्त्यातली उंची फुगत होती. अष्टमीच्या सुमारास ओसरत होती. किनाऱ्यावरचे लोक पहिल्याला उधाण म्हणतात आणि दुसऱ्याला भांग, असे मकरंदरावांनी सांगितले. त्यांना यात नवल नव्हते. ते त्यांच्या शास्त्राचे पहिले पान होते, आणि कोळ्यांच्या लेकरांनाही ते ठाऊक असते. मी मात्र पंचांगाची पाने पुन्हा पुन्हा मागेपुढे करीत राहिलो. तिथी ही मला लहानपणापासून उपवासाची, श्राद्धाची, व्रताची गोष्ट म्हणून माहीत. तिचा आमच्या घरावरचा अंमल म्हणजे एकादशीला वऱ्याचे तांदूळ आणि अमावास्येला प्रवास नाही, एवढाच. तीच तिथी, आमची पाठशाळा उभी राहण्याच्या कितीतरी युगे आधीपासून, अपार जलराशी उचलून खाड्यांत भरत होती आणि पुन्हा ओतून घेत होती. मी तिची नावे पाठ केली होती. तिचे काम मी पाहिलेच नव्हते.

त्या दिवसापासून खाडी पाहण्याची ओढ मला मकरंदरावांइतकीच लागली. आणि ती पाहणे एका अटीवर अडले होते. खाडीत यंत्र नांगरण्याची परवानगी ज्या कार्यालयाने द्यायची, त्याचे म्हणणे असे की यंत्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत भारावर अखंड चालले पाहिजे आणि ते त्यांच्या माणसाने समक्ष पाहिले पाहिजे. पहिल्यांदा शेवाळ आणि गवत पुढच्या जाळीत दाटून पंखा अडकला. जाळी काढली, तर दुसऱ्यांदा पट्टा तुटला. तोवर आवर्तन संपत आले. धरणात पाणी बेताचे. पुढचे आवर्तन मिळेल की नाही, कोणी सांगेना. मकरंदरावांचे दोन्ही मित्र कंटाळून नोकऱ्यांवर परतले होते. "या वेळी जमलं नाही, तर मीही परत जाईन, शास्त्रीबुवा," असे ते एकदाच म्हणाले, पुन्हा म्हणाले नाहीत. आवर्तनाचा शेवटचा दिवस उरला होता, आणि तो नेमका खांदेमळणीचा निघाला.

पोळ्याच्या आदल्या दिवसाला आमच्याकडे खांदेमळणी म्हणतात. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे त्या दिवशी हळद आणि लोणी लावून मळतात, आणि त्याआधी बैल मनसोक्त धुतात. कालव्याला पाणी असेल तर कालव्यावरच. ज्यांच्या जमिनीत आमचे खुंट ठोकले होते, त्या सोपानतात्यांकडे मकरंदराव आणि मी आदल्या दिवशी गेलो. सोपानतात्या गावातले वजनदार शेतकरी. शब्दाचे पक्के आणि तोंडाचे फटकळ.

"सायेब, बैल काय तुमच्या तारखेनं धुवायचे का?" ते म्हणाले.

"धुवा की, तात्या. फक्त यंत्राच्या खालच्या अंगाला धुवा. वरच्या अंगाला कोणी पाण्यात गेलं, तर वाहत थेट पंख्यावर येईल. जाळी काढलेली आहे."

"आन् खालच्या अंगाच्या पाण्याला वीज लागली आसंल तर?"

"तात्या, मी रोज तिथेच स्नान करतो," मी म्हणालो.

"तुमचं काय म्हाराज, तुमाला मंतर येतात. बैलाला येत न्हाईत."

एवढे बोलून त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि गावभर निरोप धाडला की या साली सगळी जनावरे पुलाखाली. त्यांचा शब्द कोणी मोडला नाही. माणसांपैकी कोणी मोडला नाही, असे म्हणायला हवे.

खांदेमळणीच्या दिवशी सूर्याची कोर दिसताच मी भार चढवला. कार्यालयाकडून आलेले दातारसाहेब खुर्ची टाकून पुलाच्या सावलीत बसले. निवृत्तीला आलेले, पांढऱ्या सदऱ्याचे, मोजके बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा नाकारला. परीक्षकाने घरचे घेऊ नये, असे त्यांचे मत दिसले. यंत्र त्या दिवशी असे चालले की काय सांगू. पंख्याचा घुमारा पाण्यातून वर येई आणि पायाखालची जमीन अगदी किंचित, मांजराच्या पोटासारखी, कापत राही. पुलाखाली गावचे बैल पाण्यात पोटापर्यंत उभे होते, शिंगे घासली जात होती, वरच्या बाजूला पाण्याच्या चालण्यातून दिवे जळत होते. या दोन्ही गोष्टी एकाच कालव्यात एकाच वेळी सुखाने चालाव्यात, हे पाहून मन निवले. सूर्य माथ्यावरून कलला. मकरंदराव पहिल्यांदा हसले.

सोपानतात्यांचा एक म्हातारा बैल होता, वजीर नावाचा. काम त्याचे केव्हाच सुटले होते. तात्यांनी त्याला घरच्या माणसासारखा ठेवला होता. वासरू असल्यापासून दर खांदेमळणीला तो पुलाच्या वरच्या अंगाच्या, आता तराफा बांधला होता त्याच्याही वरच्या, उतारावर धुतला जाई. तात्यांचा पुतण्या भास्कर, पोराबाळांचा बाप झालेला गडी, त्याला पुलाखाली घेऊन आला. दुसऱ्या बैलाचा कासरा सोडवण्यासाठी त्याने वजीरला क्षणभर मोकळे सोडले. वजीर वळला आणि सावकाश, जणू कोणी पाचारण केले आहे अशा चालीने, पुलावरून पलीकडे आपल्या उतारावर गेला. निरोप त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. उतारावर आवर्तनाचे शेवाळ चढले होते. त्याचे पुढचे पाय घसरले, आणि तो पाण्यात पडला.

काँक्रीटने बांधलेल्या कालव्यात पडलेल्या जनावराला काठ धरता येत नाही. वजीरचे डोके आणि वशिंड तेवढे पाण्यावर दिसत होते, आणि प्रवाह त्याला आमच्या तराफ्याकडे आणत होता.

"वजीर," तात्या एवढेच म्हणाले आणि धावले. चार-पाच जण कासरे घेऊन त्यांच्यामागे. मकरंदरावांनी माझ्याकडे पाहिले. अट त्यांना माझ्याइतकीच माहीत होती. "थांबवा," ते म्हणाले. विचार करायला त्यांनी वेळ घेतला नाही, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

आता आमच्या भागात प्रत्येक विहिरीवर मोटार असते, आणि प्रत्येक मोटारीच्या पेटीवर दोन बटणे. हिरवे दाबले की सुरू, लाल दाबले की बंद. आमच्याही पेटीवर ती दोन बटणे होती. 'थांबवा' हा शब्द कानी पडताच भास्कर पेटीजवळ होता, आणि त्याने आयुष्यभर जे केले तेच केले. लाल बटण दाबले.

बाभळींवरचे दिवे विझले. पिंपातली वाफ बसली. आणि पंखा, पाठीवरचा सारा भार उतरल्यामुळे, उधळला. घुमाऱ्याची किंकाळी झाली. तराफा ओढीने थरथरू लागला, दोर ताणले जाऊन कुरकुरू लागले.

"तात्या, लाल दाबलंय मी."

"मंग जास्तच फिरायलंय कावून बे?" तात्या तिकडून ओरडले.

समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती. यंत्राला एक हातगतिरोधक होता, लाकडी ठोकळ्याचा, गाडीला असतो तसा. पण तो मंद फिरणाऱ्या आसावरच धरतो, अशा वेगात त्याचा कोळसा झाला असता. मी भास्करला बाजूला करून हिरवे बटण दाबले. त्या वेगाची वीज दिव्यांना सोसली नाही. माळेतले दिवे पांढरे झाले आणि टोकापासून एकेक फुटत गेले. आता भार उरला तो एका पिंपाचा. मी पत्रे तळापर्यंत सोडले. यंत्र किंचित दबले, पण थांबण्याचे नाव नाही. मीठ हवे होते, आणि मिठाचे पोते पुलाच्या सावलीत होते, दातारसाहेबांच्या खुर्चीला टेकून ठेवलेले.

"साहेब, मीठ," मी म्हणालो.

त्या गृहस्थांनी सकाळपासून कशालाही हात लावला नव्हता. त्यांनी पोते छातीशी धरून आणले. "हाताने टाकू का?"

"दुरून टाका. पिंपाला शिवू नका."

त्यांनी ओंजळीने खडेमीठ फेकायला सुरुवात केली. प्रत्येक ओंजळीसरशी पिंप खळखळून उकळे आणि पंख्याचा आवाज एक पायरी खाली उतरे. मी आवाजावर कान ठेवून पत्रे सांभाळत होतो. किंकाळीचा पुन्हा घुमारा झाला, घुमाऱ्याची कण्हणी झाली. "आता," मी म्हणालो, आणि तराफ्यावर उडी मारून पोचलेल्या मकरंदरावांनी ठोकळा दाबून धरला. पंखा थांबला. पाठोपाठ वजीर येऊन तराफ्याच्या लोखंडाला छातीने टेकला, आणि त्याच्या शिंगांत दोन कासरे पडले.

त्याला काठावर ओढून घ्यायला सारे गाव लागले. तो उभा राहिला, अंग झाडले आणि समोरच्या चिखलातले गवत हुंगू लागला. आमच्यापैकी त्याच्याइतके शांत कोणी नव्हते.

दातारसाहेब ओंजळीला चिकटलेले मीठ झटकत उभे होते. पांढऱ्या सदऱ्यावर पोत्याचे डाग पडले होते. "मकरंदराव," ते हळू म्हणाले, "मला फार वाईट वाटतं. पण अट अखंडाची आहे. मी पाहिलेलं न पाहिल्यासारखं करू शकत नाही."

"मी तसं सांगणारही नाही, साहेब," मकरंदराव म्हणाले आणि दोर सोडवायला वळले. मीही पिंपाजवळचा पाट उचलला. हातातून काहीतरी निघून गेले, हे तेव्हा कळले. आपली तिथी खाडीत राबताना आपण आता पाहणार नाही, एवढेच मनात येत राहिले.

सोपानतात्या वजीरच्या मानेवर हात ठेवून आमच्याजवळ आले. त्यांना अटीबिटीचे काही माहीत नव्हते. त्यांना आपला बैल दिसत होता, आणि एक शंका.

"सायेब, ह्ये समुद्रात सोडणार म्हणं. तितं कोणी पडलं तर कोण थांबवायचं? तितं शास्त्रीबुवा थोडेच मीठ घिऊन बसणारेत?"

"तिथे समुद्रच थांबतो, तात्या," मकरंदराव पाठमोरेच म्हणाले. "भरती पुरी झाली की पाणी उभं राहतं. मग ओहोटी लागते; ती पुरी झाली की पुन्हा उभं राहतं. दिवसातून चार वेळा यंत्र आपलं आपण थांबतं."

"चार बाऱ्या?" तात्या म्हणाले. "मंग आज दिवसभर चालवायला कावून बसलतात?"

दातारसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि पुन्हा ठेवला.

"खरंच," ते म्हणाले, "अखंड दिवसाची अट कशासाठी?"

"ती तुमच्या कार्यालयाची आहे, साहेब. मला वाटलं, तुमच्याकडे काही कारण असेल."

"मला वाटलं, तुम्हीच तसा दावा केला असेल." साहेब खुर्चीवर बसले. "आमच्याकडे धरणाच्या यंत्रांसाठी ही अट जुनी आहे. तीच कोणीतरी उचलून तुमच्या कागदावर ठेवली असणार. भरतीचा प्रवाह एका दमात किती वेळ वाहतो?"

"सहा तास, थोडे वर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "सूर्योदयापासून बैल पडेपर्यंत?"

"त्याहून बरेच जास्त झाले," मी म्हणालो.

"मग एक पूर्ण भरती यंत्र चाललं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि नंतर थांबलं, जसं तिथेही थांबणार आहे." मग त्यांनी, कोणी विचारले नसताना, चहा मागितला.

संध्याकाळी तात्यांनी वजीरचे खांदे मळले. वाटीत उरलेले हळदलोणी घेऊन ते काठावर आले आणि तराफ्याचे दोर जिथे लोखंडाला काचले होते तिथे त्यांनी ते चोळले. खांदेमळणीला बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देण्याची आमच्याकडे रीत आहे. तात्यांनी तराफ्यालाही दिले. "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या," असे ते त्या पिवळ्या लोखंडाला जराही न हसता म्हणाले. सकाळी कालवा कोरडा पडला होता, आणि तळाशी टेकलेल्या तराफ्यावर पुरणपोळी ठेवलेली होती.

परवानगी मिळाली. हिवाळ्यात तराफा ट्रकवर चढला आणि घाट उतरून कोकणातल्या खाडीवर गेला. पुढचे सांगताना मला काही लपवायचे नाही. यंत्र तिथे फार जगले नाही. शिंपल्यांनी पंखा जड केला, खाऱ्या हवेने तारा खाल्ल्या, आणि ज्यांनी पुढची यंत्रे मागवायची त्यांना तोवर नाफ्ता या खनिज तेलावर चालणारी मोठी केंद्रे अधिक आवडू लागली. मकरंदरावांनी काही हंगाम तग धरला आणि मग तेही नोकरीवर गेले. लोखंड तिथेच विकले. याची हळहळ मला आजही वाटते. आपण ज्या गोष्टीच्या दाराशी पोचलो होतो तिच्या आत शिरण्याइतका धीर आपल्याकडे नव्हता, असे वाटत राहते.

पण पहिला दिवस मी पाहिला. सोपानतात्या हट्टाने बरोबर आले होते. अमावास्या होती, म्हणजे उधाण. आम्ही तिघे तराफ्यावर बसलो होतो. भरतीचे पाणी समुद्राकडून आत येत होते, आणि त्याला उगम दिसत नव्हता. कालव्याचे पाणी कोणीतरी दार उघडले म्हणून येते. हे कोणाच्या सांगण्यावरून येत होते, हे मला पंचांगावरून माहीत होते, आणि तरी माहीत नव्हते. पंखा घुमत होता. काठावरची खारफुटी पानांपर्यंत बुडाली. तात्यांनी बोट बुडवून चाटले आणि थुंकले.

मग घुमारा मंदावू लागला. सवयीने माझा हात भाराकडे गेला, आणि मकरंदरावांनी तो धरून बाजूला ठेवला. भार तोच होता. पाणीच मंद होत होते. पंखा एकेक पाते मोजता येईल असा फिरला, मग थांबला. नांगराची साखळी सैल होऊन खाली लोंबली. आसपासच्या होड्या, ज्या इतका वेळ समुद्राकडे तोंड करून ताणून उभ्या होत्या, त्या कशाही, निर्धास्त, वेगवेगळ्या दिशांना पाहू लागल्या. एक पान आमच्या शेजारी पाण्यावर होते. ते जागचे हलत नव्हते. आयुष्यभर मी यंत्रे थांबताना पाहिली. प्रत्येक वेळी कोणीतरी ती थांबवलेली असत, किंवा काहीतरी मोडलेले असे. इथे काही मोडले नव्हते.

मकरंदराव काहीतरी सांगायला गेले.

"गप बसा, सायेब," तात्या हलक्या आवाजात म्हणाले. "इसावा घ्यायलंय."

आम्ही गप्प बसलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग ते पान हलले, समुद्राच्या बाजूला. एक होडी वळली, तिच्यामागे दुसरी. सर्वांत शेवटी, जड असल्यामुळे, आमचा तराफा आमच्यासकट सावकाश फिरला. जे डोंगर आमच्या पाठीशी होते ते समोर आले. साखळी ताठ झाली, आणि खाली पंख्याने पुन्हा चालायला घेतले.

होडीवाला आम्हाला न्यायला आला तेव्हा लक्षात आले की आमच्या तिघांच्याही पायांत चपला नाहीत. त्या तराफ्याच्या कडेला ओळीने ठेवलेल्या होत्या. कोणी आधी काढल्या, ते कोणालाच आठवेना.